मुलांना घेऊन मल बेटावर: स्कॉटलंडच्या बेटावरचा आठवडा कसा आखायचा

पहिल्यांदा मलला गेलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही टोबरमोरीहून, म्हणजे मलच्या मुख्य गावाहून, शेजारचं छोटं आयोना बेट बघायला निघालो. नकाशावर अंतर पन्नास-साठ मैल. मँचेस्टरला राहणाऱ्या माणसाला एवढ्या अंतराचं काय वाटणार? फार तर सव्वा तास. प्रत्यक्षात दोन तास उलटून गेले, वळणावळणाच्या रस्त्याने तीन वर्षांच्या धाकट्याला गाडी लागली, दोनदा कपडे बदलले, आणि धक्क्यावर पोचल्यावर सहा वर्षांच्या लेकीने जाहीर केलं, "आता घरी जाऊ या." आयोना त्या दिवशी पाण्यापलीकडूनच पाहिलं.

त्यानंतर आम्ही दोनदा गेलो, त्यातल्या एका खेपेला भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन. आता कुणी विचारलं तर मी पहिलं एकच सांगते: बेटावर मैल मोजू नका, तास मोजा, आणि लहान मुलं बरोबर असतील तर दिवसाला एकच गोष्ट ठरवा. बाकी सगळं नियोजन त्यामागून येतं.

बेट एकच निवडा

एका आठवड्यात तीन बेटं, असे बेत व्हॉट्सॅपवर फिरत असतात. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर जरूर करा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर दर दोन दिवसांनी बॅगा भरण्यातच सुट्टी संपते.

स्कायला १९९५ पासून पूल आहे, त्यामुळे बोटीची कटकट नाही; पण गर्दीही तितकीच, आणि बोटीची मजा गेली ती गेलीच. ग्लासगोहून अ‍ॅरन सोपं, तीन-चार दिवसांसाठी उत्तम. बाहेरच्या हेब्रिडीज बेटांचे किनारे अप्रतिम आहेत, पण बोटीचा प्रवास लांबचा. उलापूल ते स्टॉर्नोवे पावणेतीन तास, तेही उघड्या समुद्रातून. ज्या मुलाला पुणे-महाबळेश्वर रस्त्यावर गाडी लागते, त्याच्यावर हा प्रयोग करू नका.

मल मधलं आहे. मुख्य भूमीवरच्या ओबन बंदरातून बोटीने पाऊण तास ते पन्नास मिनिटं, तीही बरीचशी आडोशाच्या पाण्यातून. बेट मोठं, वस्ती साधारण तीन हजार. किल्ला, वाळू, गरुड, पाणमांजरं, रंगीत घरांचं बंदर, आणि कंटाळा आला तर आणखी छोट्या बेटांवर जायची सोय.

महिना कोणता

शाळेचं बंधन नसेल तर मे महिन्याचे पहिले तीन आठवडे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. पश्चिम स्कॉटलंडमध्ये त्यातल्या त्यात कोरडे दिवस याच काळात मिळतात, चावणारी चिलटं अजून भरात आलेली नसतात आणि पफिन पक्षी आलेले असतात.

शाळेत जाणारं मूल असेल आणि तुम्ही इंग्लंडमध्ये राहत असाल तर एक फायदा करून घ्या. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या शेवटी बंद होतात आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा उघडतात. इंग्लंडची सुट्टी मात्र सप्टेंबरपर्यंत चालते. त्यामुळे ऑगस्टचा शेवटचा आठवडा तिथे थोडा मोकळा सापडतो. पफिन तोवर समुद्रावर निघून गेलेले असतात, एवढी किंमत मोजावी लागते.

जुलैतही दुपारचं तापमान सोळा-सतरा अंशांच्या आसपास असतं. पाऊस येणार हे धरूनच चाला. आपण कोकणातले, पावसाला काय भ्यायचं, असं माझ्या बाबांनी पहिल्या दिवशी म्हणून पाहिलं. कोकणातला पाऊस अंगावर घेता येतो. इथला आडवा येतो आणि गार असतो.

जूनमधली खरी अडचण उजेडाची. सूर्य रात्री दहानंतर मावळतो, पहाटे साडेचारच्या सुमारास उगवतो आणि मधल्या वेळातही धड काळोख होत नाही. "अजून दिवस आहे, मी नाही झोपणार" या युक्तिवादाला आपल्याकडे उत्तर नसतं. आम्ही काळ्या कचऱ्याच्या पिशव्या आणि रंगकामाची चिकटपट्टी घेऊन जातो. पिशव्या खिडकीवर आतून लावायच्या, निघताना काढायच्या. ही चिकटपट्टी रंग उपटत नाही.

घर आणि बोट एकाच बैठकीत

इथे घाई करू नका, पण चालढकलही नको. उन्हाळ्यात बहुतेक घरं शनिवार ते शनिवार अशी आठवड्याने मिळतात. म्हणजे शनिवारी अर्धं बेट निघतं आणि दुसरं अर्धं येतं, सगळे त्याच बोटीतून. घर मिळालं आणि बोटीत गाडीला जागा नाही, हा अनुभव बऱ्याच जणांच्या वाट्याला येतो. म्हणून मुलं झोपल्यावर एका खिडकीत घराचं पान आणि दुसऱ्या खिडकीत कॅलमॅक या बोट कंपनीचं वेळापत्रक उघडून बसा. दोन्हीकडे तारीख जुळली की आधी बोट, लगेच घर.

बोटीचं आरक्षण करताना गाडीची लांबी विचारतात. मागे सायकलींचा स्टँड असेल तर तोही लांबीत धरायचा, आणि छतावर पेटी असेल तर उंची सांगायची. आम्ही एकदा स्टँड धरायला विसरलो आणि धक्क्यावर सायकली उतरवून, चाकं काढून, सामानावर आडव्या कोंबल्या. पाठीमागच्या रांगेतले लोक चहा पीत ते सगळं बघत होते.

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट पडत नाही, पाच ते पंधरा वयाला अर्धं तिकीट. पण चकटफू मुलाचंही नाव आरक्षणात घालावं लागतं. निदान अर्धा तास आधी धक्क्यावर हजर राहा. मी तर पाऊण तास म्हणेन, कारण ओबनमध्ये शिरताच कुणाला ना कुणाला शू लागतेच.

येताना कुठली बोट घ्यायची? घराची किल्ली सहसा दुपारी चारला मिळते. तीनच्या आसपास क्रेगन्यूअरला, म्हणजे मलवरच्या मुख्य धक्क्याला, उतरणारी बोट बरी. परतीचा नियम याहून महत्त्वाचा: बेटावरून निघण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस एक ठेवू नका. वाऱ्यामुळे बोटी रद्द होतात, त्यात कुणाचाच दोष नसतो. मध्ये एक रात्र ग्लासगोत काढा.

मुख्य बोट चुकली किंवा भरलेली असली तर मागचा दरवाजा आहे. लॉखॅलिनहून फिशनिशला छोटी बोट जाते. तिथे आरक्षण नसतं, रांगेत उभं राहायचं, वीसेक मिनिटांत पलीकडे. तिथवर पोचायला मात्र कोरनची आणखी एक छोटी बोट आणि मग तासाभराहून जास्त अरुंद रस्ता. मुलं झोपलेली असतील तर हा प्रवास फार सुंदर आहे.

गाडी नसेल तरी जमतं. ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून ओबनला थेट रेल्वे आहे, तीन तासांच्या थोडी वर. लॉक लोमंड या सरोवराच्या काठाने जाते, आणि ओबनचं स्टेशन बोटीच्या धक्क्याला लागूनच. पलीकडे क्रेगन्यूअरला टोबरमोरी आणि फिओनफोर्टच्या (आयोनाची बोट सुटते ते गाव) बसगाड्या बोटीच्या वेळेवर उभ्या असतात. अशा वेळी घर टोबरमोरीतच घ्या.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी: ब्रिटनचाच व्हिसा चालतो, स्कॉटलंडचा वेगळा नाही. भारतीय वाहन परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते आणि स्टिअरिंगही आपल्याच बाजूला. मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत त्याला कारसीट लागते. भाड्याच्या गाडीबरोबर ती आधीच सांगून ठेवा. "मांडीवर घेते की मी" हे आजीचं म्हणणं इथे चालत नाही.

घर घेताना विचारायचे प्रश्न

आधी जागा. टोबरमोरीत दुकानं, मत्स्यालय, खाणं सगळं पायी. पण गाव दोन मजल्यांचं आहे: खाली बंदराची ओळ, वर उरलेलं गाव. जाहिरातीतलं "बंदराचं दृश्य" याचा अर्थ पुष्कळदा "रोज बाबागाडी चढावर ढकला" असा असतो. बेटाच्या कमरेवर सालन आहे. तिथून टोबरमोरी दहा मैल, क्रेगन्यूअर अकरा, दोन्ही बाजूंना जायला सोयीचं. नाव वाचून आमच्या घरात भूक लागते, पण गाव छोटंसं आहे. आयोना आणि नैऋत्येचे किनारे हेच डोक्यात असतील तर बनेसन किंवा फिओनफोर्टकडे राहा आणि टोबरमोरीचा एकच दिवस ठेवा. पहिल्या खेपेला, मूल चार वर्षांखालचं असेल तर, मी टोबरमोरी किंवा सालन म्हणेन.

मग मालकांना सरळ ईमेल करून विचारा. पाळणा आणि उंच खुर्ची आहे का? जिन्याला फाटक आहे का? लाकडाची शेगडी असेल तर तिच्यापुढे जाळी आहे का? या शेगड्या दिसायला गोड, पण काच तापते आणि रांगतं मूल सरळ तिथेच जातं. अंगण रस्त्याला किंवा पाण्याला उघडं आहे का? कपडे वाळवायचं यंत्र आहे का? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, ओल्या मोज्यांचा ढीग तिसऱ्या दिवशी वास मारायला लागतो. आणि जाहिरातीत परवान्याचा क्रमांक आहे ना बघा. स्कॉटलंडमध्ये अशी घरं भाड्याने द्यायला आता परवाना लागतो.

पाण्याचंही विचारा. गावाबाहेरच्या कित्येक घरांना स्वतःच्या झऱ्याचं पाणी असतं. ते पीटच्या, म्हणजे दलदलीत साठलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून येतं, त्यामुळे फिक्या चहासारखं दिसतं. बादली भरली तर लेक म्हणाली, "यात आधीच कुणीतरी अंघोळ केलीय." दिसतं तसं ते वाईट नसतं, मालक गाळणी आणि अतिनील किरणांचे दिवे लावून शुद्ध करतात. तरी तान्ह्या बाळाच्या दुधासाठी बाटलीचं पाणी न्या. अशा घरांत सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. बाळाचे वाइप्स संडासात टाकलेत तर उरलेला आठवडा मालकांशी मैत्री राहणार नाही.

सामान आणि स्वयंपाक

कपड्यांपेक्षा कातडी महत्त्वाची, म्हणजे वरची जलरोधक कातडी. लहान मुलांना डोक्यापासून घोट्यापर्यंत एकसंध रेनसूट आणि गमबूट. छत्री घरी ठेवा, पहिल्या वाऱ्यात उलटते. बाबागाडी हलकी न्या आणि शिवाय पाठीवर मूल बसवायची पिशवी. वाळू, चिखल आणि बोटीचे जिने यांवर चाकं निरुपयोगी. उन्हाळ्यातही लोकरी टोपी.

वाणसामान ओबनमध्ये भरा. तिथे टेस्को आणि लिडल आहे. बेटावर टोबरमोरीत को-ऑप हे सुपरमार्केट आहे, इतरत्र छोटी दुकानं, पण कोथिंबीर-मिरचीची खात्री नाही. पेट्रोलही ओबनलाच भरा, बेटावर पंप मोजके. आम्ही तूरडाळ, मसाल्याचा डबा, पोहे, रवा, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं घेऊन जातो. पावसाने घरात कोंडलेल्या संध्याकाळी मऊ भात-मेतकूट-तूप मिळालं की मुलांचं आणि आजी-आजोबांचं एकाच वेळी भागतं.

कुकर नेणार असाल तर आधी शेगडी कोणती ते विचारा. पुष्कळ घरांत इंडक्शन असतं आणि आपला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आईने आणलेला कुकर आठवडाभर खेळण्यातली बादली झाला. स्टीलचा, लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचा न्या. शिट्टी झाली की धूर ओळखणारी घंटा वाजू नये म्हणून स्वयंपाकघराची खिडकीही उघडी ठेवा.

शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही, पण विविधतेची अपेक्षा नको. चिप्स, सूप, मॅकरोनी-चीज, भाजलेला बटाटा. मासे खाणाऱ्यांची चैन आहे. टोबरमोरीच्या धक्क्यावर मासे-चिप्सची गाडी उभी असते, तिथे बसून खा. फक्त सीगल पक्ष्यांकडे पाठ करू नका. रस्त्याकडेला कुठे कुठे एक पेटी दिसेल, आत केक किंवा अंडी आणि पैसे टाकायचा डबा. माणूस कुणी नाही. सुटी नाणी जवळ ठेवा, मुलांना स्वतःच्या हाताने पैसे टाकायला फार आवडतं.

बोटीवर

गाडी आत लावली की हँडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा आणि वर जा. प्रवासात गाडीत बसून राहता येत नाही. म्हणून एक छोटी पिशवी आधीच वेगळी काढा: जॅकेट, पाणी, खाऊ, डायपर, एक जोड कपडे. बाकी सगळं खालीच राहतं, आणि मधे परत जाता येत नाही.

मुलांना आत टेबलापाशी बसवू नका, डेकवर न्या. बोट लागणाऱ्यालाही मोकळ्या हवेत क्षितिजाकडे बघितल्याने बरं वाटतं. ओबन मागे पडलं की थोड्या वेळाने उजव्या हाताला लिझमोरचा पांढरा दीपस्तंभ येतो, १८३३ सालचा. मग डाव्या हाताला कड्यावर ड्युअर्ट किल्ला. मॅक्लीन घराण्याचा हा किल्ला तेराव्या शतकातला, पडीक झालेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घराण्याच्याच एका वंशजाने पुन्हा उभा केला. "त्यात आपण उद्या जायचंय" हे बोटीवरच सांगून टाका, म्हणजे दुसऱ्या दिवशीचं उठवणं सोपं होतं.

एकपदरी रस्ता

क्रेगन्यूअर ते सालन रस्ता बराचसा दुपदरी आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणी एकच पदर, आणि दर थोड्या अंतरावर फुगवटा. त्याला पासिंग प्लेस म्हणतात. फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा. उजव्या हाताला असेल तर तिकडे जायचं नाही. आपल्याच बाजूला रस्त्यावर थांबायचं, समोरचा त्या फुगवट्यातून वळसा घेऊन जातो. मागून कुणी घाईचं आलं तर त्यालाही असंच पुढे जाऊ द्या. ती नर्स असेल, बोट गाठणारा असेल, किंवा रोजच्या रस्त्याला वैतागलेला शेतकरी. थांबून फोटो काढायला हे फुगवटे नाहीत. जाताना हात वर करायचा. आमची लेक मागच्या सीटवरून प्रत्येकाला हात करते आणि मोजते. एका दिवसाचा विक्रम ७१ आहे.

मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, हॉर्नने उठत नाहीत. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा, डोंगराआड रेंज जाते. ज्या मुलाला गाडी लागते त्याला मधल्या सीटवर, पुढचा रस्ता दिसेल असं बसवा, आणि डोंगरी रस्त्यावर टॅब्लेट हातात देऊ नका. आयोनाच्या त्या दिवशी धाकट्याला गाडी लागण्याचं कारण तेच होतं.

दिवसाला एकच गोष्ट

क्रम हवामानावर सोडा, यादी तेवढी तयार ठेवा. कोरडा आणि वाऱ्याचा दिवस किनाऱ्याला, संततधारेचा दिवस टोबरमोरीला.

टोबरमोरी म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत मेरीची विहीर. १७८८ मध्ये मासेमारीचं बंदर म्हणून वसवलेलं गाव. लाल, पिवळी, निळी घरं ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांना टीव्हीवरच्या मालिकेतून ओळखीची असतात. इथलं मत्स्यालय छोटं आहे आणि म्हणूनच मुलांच्या उंचीचं. खेकडे, तारामासे हाताळू देतात, आणि काही आठवड्यांनी हे सगळे प्राणी पुन्हा समुद्रात सोडतात. धाकट्याने एका खेकड्याला "उद्या घरी जा हं" असं बजावलं होतं. त्याच रस्त्यावर देवमासे-डॉल्फिनवर काम करणाऱ्या संस्थेचं केंद्र आहे, अर्धा तास सहज जातो. गावाबाहेर चीज करणारं शेत आहे, तिथल्या गाईंना टोबरमोरीच्या व्हिस्कीच्या कारखान्यातला उरलेला धान्याचा चोथा खायला घालतात. ही माहिती बाबांना फार आवडली.

कॅलगरीचा किनारा वायव्येला, टोबरमोरीहून बारा मैल आणि निदान पस्तीस-चाळीस मिनिटं. पांढरी वाळू, उथळ पाणी, मागे गवताचा सपाट पट्टा. कॅनडातल्या कॅलगरी शहराचं नाव याच जागेवरून पडलं. पाणी ऑगस्टमध्येही असं गार की घोट्यात कळ येते, आणि जीवरक्षक नाही. वेटसूट असेल तर न्या. नाहीतर बादली-फावडं पुरे. जवळच झाडीत शिल्पांची पायवाट आहे, किनाऱ्यावर वारा झोंबायला लागला की तिकडे.

गरुडांसाठी वेगळा दिवस लागत नाही, लॉक ना कील या खाडीच्या काठाने जाताना गाडी योग्य जागी थांबवून वर बघत राहायचं. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाहीसा झाला होता. १९७५ पासून नॉर्वेतून पिल्लं आणून सोडली, आणि १९८५ मध्ये मलवर पहिलं पिल्लू पुन्हा जंगलात वाढून उडालं. पंखांचा पसारा दोन मीटरहून जास्त, लोक त्याला उडता दरवाजा म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचा हा थोरला भाऊ. मुलांसाठी स्वस्तातली एक दुर्बीण घ्याच. तुमची महागडी त्यांच्या हातात पडण्यापेक्षा बरं.

आयोनाला जायचं ते पूर्ण दिवस काढून. गाडी फिओनफोर्टला ठेवायची, पाहुण्यांच्या गाड्यांना तिकडे परवानगी नाही, आणि बोट दहा मिनिटांची. मुलांसाठी आयोनाचं खरं वैभव हेच: रस्ता आहे आणि गाड्या जवळजवळ नाहीत. इसवी सन ५६३ मध्ये आयर्लंडहून संत कोलंबा इथे येऊन राहिला, त्याचा मठ धक्क्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. आमचा बेत मठ, मग उत्तर टोकाचा किनारा असा होता. मुलं धक्क्याशेजारच्या वाळूतच रुतली. आम्ही दोघांनी आळीपाळीने जाऊन मठ पाहिला. उत्तर टोक राहिलं ते राहिलं.

स्टाफा हे छोटं बेट मोहात पाडेल. षटकोनी खांबांची फिंगलची गुहा, वर गवतात पफिन, एप्रिलच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. बोटी फिओनफोर्ट, उल्वा फेरी नावाचा धक्का आणि टोबरमोरी इथून सुटतात. पण बोट लहान, समुद्र उघडा, वर चढायला उभा जिना, आणि कड्यांना कठडा नाही. लाटा जास्त असल्या तर उतरवतही नाहीत, म्हणून आरक्षण करताना उतरायला मिळेल ना विचारा. पाच वर्षांखालच्या मुलाला घेऊन मी जाणार नाही. आमच्यातला एक लेकीला घेऊन गेला, मी धाकट्याबरोबर खेकडे पकडत बसले. तक्रार नाही.

चिलटं, गोचीड आणि डॉक्टर

मिज नावाची चिलटं टाचणीच्या टोकाएवढी, पण थव्याने येतात. जून ते ऑगस्ट, सकाळी-संध्याकाळी, दमट आणि वारा पडलेला असला की समजा आल्या. थोडा वारा सुटला तर उडू शकत नाहीत, म्हणून किनारे बरे. डोक्यावरून घालायची जाळी मुलांना गंमत म्हणून आवडते. अंगाला लावायच्या औषधावर वय लिहिलेलं असतं, ते वाचा.

गोचीड जास्त गंभीर. गवतात, नेच्यांत खेळून आल्यावर रोज अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांमागे, कानांमागे, केसांच्या रेषेत बघा. सापडली तर गोचीड काढायच्या आकड्याने कातडीलगत धरून हळूच ओढा. तेल लावणं, चटका देणं हे आपल्याकडचे उपाय इथे करू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना "गोचीड चावली होती" हे आवर्जून सांगा. लाइम नावाचा आजार त्यातून होतो, वेळेवर अँटिबायोटिक दिलं तर बरा होतो.

बेटाचं छोटं रुग्णालय क्रेगन्यूअरला आहे. सल्ल्यासाठी १११, तातडीला ९९९. मोठं काही असेल तर मुख्य भूमीवर हलवतात. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांचा विमा म्हणूनच टाळू नका, आणि त्यांच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या आणा, बोट अडकली तर.

शेवटचा दिवस उल्व्याला

बांधाबांधी आदल्या दुपारी उरकून शुक्रवारी आम्ही उल्वा या शेजारच्या छोट्या बेटावर जातो. सालनहून लॉक ना कीलच्या उत्तर काठाने रस्ता जातो. समोरच्या काठावर डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे उतरत येतात: काळ्या कातळाचा पट्टा, मग हिरवा उतार, पुन्हा काळा पट्टा. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अगं, हे माळशेज घाटात आल्यासारखं आहे. फक्त माकडं नाहीत." खरंच ते तसंच आहे. आपला सह्याद्री जसा लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झाला, तसंच मलही. इथले थर साधारण सहा कोटी वर्षांपूर्वीचे, आपले त्याआधीचे थोडे. स्टाफाचे खांब आणि अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब हे बसाल्टचेच, लाव्हा निवताना भेगाळून झालेले. त्यानंतर बाबांनी मुलांना प्रत्येक डोंगर "हा नाणेघाट, हा हरिश्चंद्रगड" असा दाखवला.

त्याच भागात ईस फोर्स हा धबधबा आहे. गेलिक आणि जुन्या नॉर्स या दोन भाषांतले धबधब्याचेच शब्द जोडून नाव झालं, म्हणजे धबधबा-धबधबा. रस्त्यालगतचा टप्पा पाहा, खालच्या कड्याच्या काठावर मुलांना नेऊ नका.

उल्वा समोरच आहे, मध्ये दोन मिनिटांचं पाणी. २०१८ मध्ये तिथल्या स्थानिक संस्थेने लोकांसाठी बेटच विकत घेतलं. बोट रोज नसते, दिवस आधी बघून ठेवा. पलीकडे गवताच्या छपराचं एक जुनं घर, चिखलाच्या पायवाटा आणि जेवणाची एक जागा, बस्स. इथे तिकीटखिडकी नाही, घंटाही नाही. धक्क्याजवळ भिंतीवर एक फळी आहे. ती सरकवली की लाल चौकोन उघडा पडतो, आणि पलीकडून तो दिसला की नावाडी निघतो.

धाकट्याचा हात पोचेना, म्हणून बाबांनी उचलून धरला. फळी जरा घट्ट होती. सरकली. पलीकडे काहीच हललं नाही, आणि तो वळून म्हणाला, "आजोबा, त्यांना दिसलं नसेल, आपण अजून एकदा करू या?" तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.